मॅडमची ट्रॅकची गाडी

सक्करदऱ्याला ज्या घरात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या घरातली कुठलीही वस्तू मालकिणीच्या परवानगीशिवाय सैल होऊ शकत नसे. पंख्याचे नट, बेसिनखालचा पाइप, फाटकाची कडी, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, घरमालक काकांच्या चष्म्याची काडी, सगळ्यांत बारीक स्टीलची तार ओवलेली आणि वेणीसारखा पीळ देऊन दुसरीकडे ताणून बांधलेली. नागपूरला भूकंप झाला असता तर बाकीची घरं कोसळली असती. आमचं घर एकसंध उठून बाजूच्या प्लॉटवर जाऊन बसलं असतं आणि कपातला चहासुद्धा सांडला नसता.

याला कारण होतं. मालकीणबाई मोटरसायकल ट्रॅकसाठी तयार करत होत्या. ट्रॅक म्हणजे शर्यतीचा बंदिस्त, फिरून पुन्हा तिथंच येणारा रस्ता. काही ठरावीक दिवशी तिथे कोणालाही स्वतःची गाडी हवी तितकी पळवू देतात. शर्यत नाही, सिग्नल नाही, आडवी येणारी म्हैस नाही. पण रस्त्यावरची गाडी आहे तशी आत घेत नाहीत. एखादा बोल्ट थरथरून सैल झाला, तेल सांडलं, तर मागून येणारा त्यावरून घसरून थेट वरच जातो. म्हणून महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची आणि ती अशी बांधायची, की बोल्ट सुटायला निघालाच तर तारेनं त्याला कान धरून परत बसवावं. मॅडमना ही युक्ती इतकी आवडली की गाडीचे बोल्ट संपल्यावर त्या घराकडे वळल्या.

हो, त्यांना सगळी गल्ली मॅडमच म्हणायची. त्यांचा नवराही. ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं. उंची बेताची, केस पांढरे आणि आखूड, आवाज असा, की त्या सक्करदऱ्याच्या तलावाच्या या काठावरून 'गप्प बसा' म्हणाल्या तर पलीकडच्या काठावरची बदकं बसायची. गतीचे नियम त्या प्रमाण मराठीतून सांगत. राग आणि माया मात्र अस्सल नागपुरीतून.

पहिल्या दिवशी मी खोली बघायला गेलो, तेव्हा व्हरांड्यात गाडीशेजारी बसून त्या बोल्टला भोक पाडत होत्या. माझ्याकडे न बघताच विचारलं, "नोकरी कुठं?"

"विमा कंपनीत."

"हात थरथरते का?"

"नाही."

"मंग हा बोल्ट धर. खोली तुले दिली."

अशी ती खोली मला मिळाली. भाड्याचं बोलणं त्यानंतर आठवड्यानं झालं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. वेग वाढवणं हे त्यांच्या घराण्याचं काम आहे. "माहे आजोबा छप्पन्न साली मौद्याकडून पायी चालत दीक्षाभूमीवर आले," त्या सांगत. "बाप सायकलवर फिरला. त्यानं मले सांगितलं, पुढं जात राहा. किती स्पीडनं, ते नाई सांगितलं. मी मोपेडवर जाऊन शिकवलं. आता मले एकदा, फक्त एकदा, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळून पाहायचा आहे. पूर्ण. जिथं तो अडते तिथपर्यंत."

"मग पिळा की," मी म्हणालो होतो, नवीन होतो म्हणून.

त्यांनी आत बघितलं. आत काका पेपर वाचत होते.

झालं होतं असं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मॅडमनी काकांना स्कूटरवर मागे बसवून भंडारा रोडवर राखेच्या ट्रकांना ओव्हरटेक केलं. एक नाही, सगळ्या रांगेला. मौदा आलं तेव्हा काका स्कूटरवरून उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "माह्या डोळ्यांसमोर तू चाळीसच्या वर गाडी नेणार नाई. वचन दे." मॅडमनी दिलं. आणि मॅडम अशी बाई, की बोर्डाच्या परीक्षेत कोणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही, ती वचन थोडंच मोडणार! तेव्हापासून काका सोबत असोत किंवा नुसते गच्चीवर उभे राहून बघत असोत, काटा चाळिसावर गेला की पुढे जात नसे. आणि काका मोठे हुशार. ते कायम सोबत असत, नाहीतर गच्चीवर.

त्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी पुढल्या उन्हाळ्यात ऑपरेशन सांगितलेलं. दोन्ही गुडघे. नंतर गाडीवर ओणवं बसणं बंद. म्हणजे जे काही पिळायचं, ते याच हिवाळ्यात.

मग सुरू झालं काढणं. ट्रॅकच्या गाडीला काय लावायचं यापेक्षा काय काढायचं हे जास्त महत्त्वाचं, असा मॅडमचा सिद्धांत. आरसे काढले, इंडिकेटर काढले, हॉर्न, साडी गार्ड, साइड स्टँड, मागच्याचं पायदान, सगळं काढलं. "वजन म्हणजे काय? आळस," त्या म्हणत. काढलेली प्रत्येक वस्तू घरात कुठंतरी नोकरीला लागे. आरसा माझ्या दाढीला मिळाला. हॉर्न दारावरच्या बेलला जोडला. दूधवाला पहिल्या दिवशी बटण दाबून स्वतःच रस्त्यातून बाजूला झाला. साडी गार्डवर पोळ्या गार होत. इंडिकेटर काकांनी देवडीत लावले, कारण मॅडम आज कुठल्या बाजूला वळणार ते त्यांना आधी कळायला हवं होतं.

गाडीखाली एक ट्रेही लागतो. इंजिन फुटलं तर आतलं सगळं तेल त्यात मावलं पाहिजे. बाजारातला ट्रे मॅडमना पसंत पडेना. एके दिवशी ऑफिसातून आलो तर खिडकीतला कूलर बोडका. खालची पाण्याची टाकी कापून, ठोकून मॅडमनी गाडीखाली बसवलेली. त्यात मापानं तेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खालच्या कागदावर एक थेंब नाही. काका म्हणाले, "वं मॅडम, उन्हाळ्यात काय करायचं?" मॅडम म्हणाल्या, "उन्हाळ्यात गुडघे काढून बसणारच आहो. तवा पाहू."

चामड्याचा सूट आला तो ऑक्टोबरच्या उकाड्यात. अख्खा एका तुकड्याचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत, म्हशीलाही घट्ट झाला असता असा. तो अंगावर बसायला हवा म्हणून मॅडम घरात तोच घालून फिरत. त्यात घुसायचं म्हणजे कार्यक्रम. काका टाल्कम पावडरचा डबा घेऊन उभे. मॅडम दिवाणाला धरून उड्या मारत. पावडरच्या ढगात दोघंही दिसेनासे होत आणि नुसतं ऐकू येई, "ओढा ना!" "ओढून राहिलो ना वं!" मग ढग विरला की मध्ये मॅडम, काळ्या चामड्यात, हातात झारा. पोहे करायला निघालेल्या.

वळणावर शरीर गाडीच्या बाहेर लटकवावं लागतं. त्याचा सराव व्हरांड्यात, स्टँडवर उभ्या गाडीवर. एक मांडी सीटवर, बाकी सगळ्या मॅडम बाहेर, कोपर जास्वंदीत, डोळे शून्यात. शेजारच्या ताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि भांडं टाकून धावत आल्या. "धरा वं बाई, पडल्या मॅडम!"

"पडली नाई," मॅडम तशाच लटकत म्हणाल्या. "वळून राहिली."

"कुठं वळून राहिल्या? गाडी तं उभी हे!"

"गाडी उभी हे. मी वळून राहिली."

ताई अर्धा तास तिथंच उभ्या राहिल्या, न जाणो वळण संपल्यावर मॅडम पडल्या तर.

या सगळ्यात घरात एकच भांडण झालं, पण ते असं झालं की गल्लीतल्या कुत्र्यांनी दोन गट पाडले. भांडण पाण्यावरून.

काका कोराडीच्या वीज केंद्रात पाण्याचे केमिस्ट होते. बॉयलरमध्ये कसलं पाणी जातं यावर त्यांनी आयुष्य काढलं. क्षाराचा कण म्हणजे त्यांचा वैयक्तिक शत्रू. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी पेला उजेडाला धरत, हुंगत आणि यजमानाला विचारत, "बोअरचं ना?" यजमानाचा चेहरा पडला की मग पीत.

आणि ट्रॅकचा नियम असा, की रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं रसायन, चालत नाही. कूलंट सांडला तर रस्ता साबणासारखा होतो, मागचा घसरतो. फक्त साधं पाणी. मॅडमनी नळाला पाइप लावला.

काका पेपर टाकून उठले. "नळाचं? ॲल्युमिनियमच्या रेडिएटरात नळाचं पाणी? अवो, आतून पापडी धरन! उकळन! तुले काही समजते का?"

"मले नियम समजते."

"नियम बनवणाऱ्यानं कोराडी पाहिली नसन!"

"कोराडी ट्रॅकवर पळत नाई!"

दोन दिवस बोलणं बंद. शेवटी काकांनी हात जोडले आणि एकच मागणं मागितलं, "मी सोबत येतो. गाडीच्या पाण्यावर लक्ष ठेवाले." मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मनाशी ठरवलेलं असणार, की काका घरीच राहतील. काका आले म्हणजे डोळे आले, आणि डोळे आले म्हणजे चाळीस. पण नाही कसं म्हणणार? म्हणाल्या, "या. पण पाण्याले हात लावाचा नाई."

नागपूर देशाच्या बरोबर मधोमध आहे, त्याचा अर्थ एवढाच, की सगळं काही सारखंच लांब आहे. ट्रॅक तिकडे तामिळनाडूत. आरसे नसलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून छोटा टेम्पो केला. काका पुढे ड्रायव्हरजवळ. मागे गाडी, गाडीला धरून मॅडम आणि मॅडमना धरून मी. दोरखंडावर मॅडमचा विश्वास नव्हता, त्याला तार नव्हती ना. आदिलाबाद येईपर्यंत माझ्या पाठीचा एकेक मणका आपापल्या मनाचा मालक झाला होता. मॅडम मात्र ताठ. सारखं मनगट हलवत होत्या, नसलेला ॲक्सिलरेटर पिळत होत्या. एकदाच बोलल्या, हैदराबादच्या पुढे. "माह्या मनगटाले माहीतच नाई गा, पूर्ण म्हणजे किती असते ते."

ट्रॅकवर सकाळी गाड्यांच्या तपासणीची रांग. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीची पोरं, चकचकीत गाड्या, मोठाले स्पीकर. मॅडमना बघून एकानं विचारलं, "आंटी, बेटा कहाँ है?" मॅडम म्हणाल्या, "बेटा कॉलेज में पढ़ाता है. तू टायर की हवा देख, ज़्यादा है." पोरानं बघितली. जास्त होती. तेव्हापासून ती सगळी पोरं मॅडमच्या मागे मागे हवा बघत फिरू लागली.

तपासनीस तरुण होता, शिस्तीचा. मॅडमच्या तारा बघितल्या आणि पाय जुळवून उभाच राहिला. कूलरच्या ट्रेचा त्यानं मोबाइलवर फोटो काढला. सगळं झालं. मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं.

पुन्हा चोळलं.

"मॅडम, इसमें कूलंट है."

"पानी है."

त्यानं बोट पुढे केलं. हिरवट, बुळबुळीत. "दोपहर तक पूरा साफ़ करके लाइए. नहीं तो गाड़ी अंदर नहीं जाएगी. सॉरी."

मॅडमनी मान वळवली. काका आभाळाकडे बघत होते. त्या दिवशी आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"अहो."

"हं?"

"तुमी केलं?"

"निघाच्या दिवशी. तू आंघोळीले गेली तवा." काकांचा आवाज पार खाली गेला होता. "उकळलं असतं तं? गरम पाणी तुह्या पायावर आलं असतं तं? मले वाटलं, कोणाले समजते... थोडासाच टाकला."

मला वाटलं, आता ज्वालामुखी. एवढा प्रवास, वर्षभराची मेहनत, पुढच्या उन्हाळ्यात गुडघे. मॅडमनी पक्कड काढली आणि स्वतः घातलेली, वेणीसारखी देखणी तार कचकन कापून पाणी सोडायचा, ड्रेनचा, बोल्ट मोकळा केला.

"तुमीच मिसळलं," त्या म्हणाल्या, "आता तुमीच काढा. तुमच्याहून चांगलं कोणाले येते?"

आणि मग मी कोराडीचा केमिस्ट कामावर असताना पाहिला. काकांनी बाह्या सरसावल्या. पाणी भरायचं, इंजिन चालू करायचं, थांबायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. पोरांना त्यांनी पाणी आणायला पळवलं. ट्रॅकवरच्या पाण्याच्या जितक्या कॅन होत्या तितक्या रिकाम्या झाल्या, मला वाटतं आजूबाजूच्या दोन तालुक्यांतही त्या दिवशी टंचाई झाली. दर वेळी निघालेलं पाणी बाटलीत घेऊन ते खळखळ हलवत आणि उजेडाला धरत. फेस राहिला, की मान हलवत. "अजून हे."

तपासनीस आला. बोट बुडवून चोळलं. "ठीक है अंकल. पास."

"नाई," काका म्हणाले.

"अंकल, मैं बोल रहा हूँ, पास है."

"तुमच्या बोटाले काय समजते? हा फेस पाहा. एवढा थेंब सांडला अन् मागून येणारं पोरगं पडलं तं?"

"अहो!" मॅडम कळवळल्या. "तो पास म्हणून राहिला, अन् तुमी नापास करून राहिले?"

"तू कोणाले अर्धा मार्क देते का?"

आयुष्यात पहिल्यांदा मॅडमना कोणी त्यांच्याच छडीनं मारलं होतं. आणखी दोनदा पाणी बदललं. शेवटची बाटली हलवली, तर आत नुसतं आभाळ. काकांनी हुंगून बघितलं आणि हळूच म्हणाले, "आता हे पाणी मी पंगतीत पिईन." मॅडमनी ड्रेनच्या बोल्टला नवी तार घातली. बोल्ट मी धरला.

गाड्या गटागटानं आत सोडत होते, आणि तोवर दिवसाचा शेवटचा गट उरला होता.

हेल्मेट घालून मॅडम आत गेल्या. आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. पहिली फेरी रस्त्याची ओळख करून घ्यायची, सावकाश. दुसरी सुरू झाली आणि सगळी पोरं तोफेतून सुटल्यासारखी गेली. सर्वांत मागून मॅडम आल्या. ताठ. शांत. भाजी आणायला निघाल्यासारख्या. सरळ, रुंद, मैलभर मोकळ्या रस्त्यावरून चाळीसनं गेल्या आणि जाताना त्यांनी काकांकडे बघितलं.

काका म्हणाले, "काहून हळू चालवून राहिली ती? पाणी गरम झालं का?"

"पाणी चांगलं आहे, काका."

"मंग?"

मी काही बोललो नाही. एरवी गप्प राहणं मला जमत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. चाळीस, आणि हेल्मेट काकांच्या दिशेला वळलेलं. काकांनी भिंतीवरचा हात काढला. त्यांना मौदा आठवलं असणार, राखेच्या ट्रकांची ती रांग आठवली असणार. चेहऱ्यावरचा रंग तरी तेव्हाचाच होता.

मग काकांनी सावकाश ट्रॅककडे पाठ केली. पूर्ण पाठ. माझ्याकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. डोळेही मिटून घेतले.

"सांग गा," ते म्हणाले. "आली का?"

वळणावरून मॅडम बाहेर आल्या. भिंतीकडे बघितलं. तिथं त्यांना नवऱ्याची पाठ दिसली, पांढरा शर्ट, त्यावर सांडलेल्या पाण्याचे डाग. क्षणभर गाडीचा आवाज एकदम खाली गेला. मला वाटलं, थांबतात.

आणि मग मनगट फिरलं. जिथं अडतं तिथपर्यंत.

तो आवाज कसा होता, ते मला नीट सांगता येत नाही, आणि मी असं कधी म्हणत नाही. गाडीखालच्या कूलरच्या टाकीला हादरे बसले, भिंतीवरचा माझा चहाचा कप आपणहून चालायला लागला. मॅडम गाडीवर अशा आडव्या झाल्या, की वर नुसता एक पांढऱ्या केसांचा झुबका, हेल्मेटखालून निसटलेला. टायरची हवा जास्त असलेल्या त्या पोराला त्यांनी सरळ रस्त्याच्या शेवटी गाठलं आणि वळणात, जास्वंदीत कोपर घालतात तशा लटकून, आतल्या बाजूनं मागे टाकलं.

"काय दिसते गा?" काकांचे डोळे मिटलेलेच. "किती असन?"

आयुष्यभर मी दहाचे शंभर करून सांगत आलो. हा लेखही तुम्ही त्याच हिशेबानं वाचा. पण त्या दिवशी त्या माणसाच्या मिटलेल्या पापण्या थरथरताना बघितल्या आणि मी म्हणालो, "चाळीस असेल, काका."

मॅडम पुन्हा आल्या. काकांच्या मागून आवाज फाडत गेला, काकांचा शर्ट वाऱ्यानं पाठीला चिकटला.

काकांनी मान डोलावली. "हाव," ते म्हणाले. "आवाजावरून तेवढंच वाटते." आणि इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय त्यांनी काही तोंड फिरवलं नाही.